सोलापूरची रविवारची कलाफेरी: पैसे वसूल, फक्त मागाला वेळ कमी

आधी रेटिंग सांगून टाकते, पाचपैकी चार. एक स्टार का कापला ते पुढं येईलच. ही फेरी म्हणजे रविवारी सकाळी शहरातले पुतळे, वाडा, भिंतीवरची चित्रं, हातमाग असं बघत फिरायचं. सगळं वाचायला वेळ नसेल तर एवढंच लक्षात ठेवा की जायचं, पण निघायच्या आधी फेरी काढणाऱ्या पोरांना बजावून ठेवायचं की आम्हाला हातमागावर जास्त वेळ थांबायचंय.

झालं असं की माझी लेक सातवीत आहे, चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसायचंय तिला, आणि ड्रॉइंगच्या सरांनी मीटिंगमध्ये सांगितलं की पोरांना नुसतं पुस्तकातलं उतरवायला लावू नका, बाहेर काढा, खरं काम दाखवा. आता सोलापुरात खरं काम दाखवायला न्यायचं कुठं? आमच्या ह्यांना विचारलं तर म्हणे सिद्धेश्वर तलावावर ने आणि येताना भेळ खाऊन या. म्हणजे तलाव छानच आहे, वाद नाही, पण ते आपण पाहुणे आले की करतोच की. आणि कार्यक्रम सोलापुरात होत नाहीत असंही नाही हो, चिक्कार होतात, फक्त आपल्याला कधी कळतात तर दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो बघून. दीपप्रज्वलनाचा फोटो, खाली आठ नावं, आणि आपण चहा पीत म्हणायचं, अरेच्चा, काल होतं होय हे.

तर शेजारच्या अक्कांच्या भाचीनं मला एका व्हॉट्सअ‍ॅप यादीत घातलं. चार-पाच पोरं-पोरी मिळून ही यादी चालवतात, कॉलेज नुकतंच संपलेली असतील. शहरात कुठं नाटक आहे, कुठं चित्रप्रदर्शन आहे, कुठं गाणं आहे ते टाकत राहतात, त्याचे पैसे नाहीत. आणि थंडीच्या दिवसात रविवारी सकाळी एक फेरी काढतात, तिचे मोठ्या माणसाला २०० आणि पोरांना १००, नाश्ता त्यात धरून. मी दोन्हीबद्दल लिहितेय कारण दोन्हीचा अनुभव एकदम वेगळा आहे.

यादीचं आधी. चांगलं काय, तर राज्य नाट्य स्पर्धा आपल्या हुतात्मा स्मृती मंदिरात होते आणि तिचं तिकीट जवळजवळ चहाच्या पैशात मिळतं हे मला या यादीमुळं कळलं. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी! त्याच रस्त्यानं मी रोज ऑफिसला जाते. दोन नाटकं बघितली, एक इतकं कंटाळवाणं की लेक खांद्यावर झोपली आणि दुसरं इतकं झकास की घरी येऊन रात्री बारापर्यंत आम्ही तेच बोलत होतो. हिराचंद नेमचंद वाचनालयात पुस्तकं बदलायला मी कॉलेजला असल्यापासून जाते, तिथल्या अ‍ॅम्फी थिएटरात कार्यक्रम होतात ते पण मला यादीतनंच समजलं.

वाईट काय, तर तारखा. एका रविवारी यादीत आलं की अमुक हॉलमध्ये जलरंगाचं प्रदर्शन, सकाळी १० ते रात्री ८. हॉलचं नाव घेत नाही, त्यांची काही चूक नव्हती. आम्ही मायलेकी नटूनथटून गेलो, लेकीनं स्केचबुक घेतलेलं, आणि आत जाऊन बघतो तर साड्यांचा सेल! दोन साड्यांवर एक फ्री. प्रदर्शन शुक्रवारीच संपलेलं. मी यादीवाल्यांना मेसेज टाकला तर सॉरी ताई, फॉरवर्ड आलं होतं, चेक नाही केलं. बरं, रिकाम्या हातानं आले नाही त्या दिवशी, पण तो मुद्दा नाही. यादी चालवायची तर एक फोन करून खात्री करायला काय जातं? आणि दुसरं म्हणजे वेळ. "ठीक ६ वाजता" वाचून सहाला पोचलात तर तुम्ही आणि सतरंज्या घालणारा मामा दोघंच असता. आता मी साडेसहाला निघते.

फेरीचं मात्र वेगळं निघालं.

डिसेंबरातला रविवार, सकाळी साडेसहा, चार पुतळ्यापाशी जमायचं. आपापली गाडी आणायची, कारण फेरी म्हणलं तरी सगळं चालत नाही, शेवटचा टप्पा पार पूर्व भागात आहे. आम्ही चौदाजण होतो. फेरी नेणारा पोरगा चष्मेवाला, बारीक, आवाज मोठा, सोलापुरी बोलणारा, ते "नमस्कार मित्रांनो" टाइपचं नाटक नाही, हे मला फार बरं वाटलं. सुरुवातच त्यानं अशी केली की "गाडीवरनं न बघता उभं राहून हे चार पुतळे कुणी बघितलेत, हात वर करा." चौदात दोन हात. माझा नव्हता.

मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. नावं शाळेत पाठ केलेली, १९३० चा मार्शल लॉ, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी, हे पण पाठ. पण पाठ असलेलं आणि समोर उभं राहून बघितलेलं यात फरक आहे हो. पोरग्यानं इतिहास पाच मिनिटांत आटपला आणि मग म्हणाला आता दहा मिनिटं नुसतं बघा, फिरून बघा. लेकीनं खाली फरशीवर बसून हात काढायला घेतले, नुसते हात. चेहरे अवघड आहेत म्हणून, असं ती म्हणाली, पण मला वाटतं हातच जास्त अवघड असतात.

तेवढ्यात एका काकांनी विचारलं की हे घडवले कुणी? पोरगा सरळ म्हणाला, काका मला माहीत नाही, शोधतोय. आवडलं मला. ठोकून द्यायचं सोडून माहीत नाही म्हणणारा गाइड मी तर पहिल्यांदा बघितला. आणि मग त्यानं जे सांगितलं ते माझ्या डोक्यात फेरीभर राहिलं. म्हणाला, आपल्याकडच्या कोनशिला वाचा, कुणाच्या शुभहस्ते, कुणाच्या अध्यक्षतेखाली, कुणाची प्रमुख उपस्थिती, सगळं कोरलेलं असतं, ज्याच्या हाताला मातीची भेग पडली त्याचं नाव बऱ्याच वेळा नसतं. घरी जाताना मी मुद्दाम आमच्या कॉलनीतल्या बागेतली कोनशिला वाचली. सात नावं. कारंजं कुणी केलं ते नाहीच. कारंज्यात पाणीपण नाही म्हणा.

तिथनं इंद्रभुवन. अप्पासाहेब वारदांनी बांधलेला वाडा, मग महापालिकेकडं आला. आता डागडुजी होऊन चकाचक झालाय. माझं आणि त्या आवाराचं नातं म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, जन्माचा दाखला, त्यामुळं कपाळावर आठी घालून आत जायचं आणि आठी घालूनच बाहेर यायचं. मान वर करून बघायला कुणी सांगितलंच नव्हतं. महिरपी काय, नक्षी काय, एकेक खिडकी बघत बसावी. पोरग्यानं सगळ्यांना दहा पावलं मागं जाऊन बघायला लावलं, मग पुढं येऊन, मग कोपऱ्यातनं. सकाळचं तिरकं ऊन असल्यामुळं नक्षीची सावली पडते, दुपारी गेलात तर ही मजा नाही, म्हणून साडेसहाची वेळ. हे त्यांचं गणित बरोबर आहे.

भैय्या चौकात डॉ. कोटणीसांच्या स्मारकाला धावती भेट झाली. द्वारकानाथ कोटणीस आपल्याच गावचे, १९१० चा जन्म, चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ ला तिकडंच गेले. इथं फार रेंगाळले नाहीत.

आता तक्रार. ह्यानंतर एका कंपाउंडची भिंत दाखवली, कुठली ते सांगत नाही, ज्यांनी बघितलीय त्यांना कळेल. भिंतीवर चित्रं आहेत, सिद्धेश्वराचं देऊळ, चादर, लेझीम खेळणारी पोरं, माळढोक आणि शेवटी ते पंख, ज्याच्या मधे उभं राहून फोटो काढायचा. ते पंख बे! ते पंख आता प्रत्येक गावात आहेत, त्यात सोलापूरचं काय आहे? पण फेरीची पंचेचाळीस मिनिटं तिथं गेली. कारण आमच्यातल्या तिघींना रील करायचं होतं आणि चष्मेवाल्याबरोबरची जी दुसरी पोरगी होती तिलापण फेरीच्या पेजसाठी रील पाहिजे होतं, त्यामुळं तिनंच सगळ्यांना एकेक करून पंखात उभं केलं. मी पण राहिले उभी, खोटं कशाला बोलू. फोटो चांगला आलाय.

पण भिंतीची अवस्था बघा. चादरीच्या चित्रावर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचं पोस्टर, खालनं ओल चढून रंगाला पोपडे, आणि माळढोकाच्या पायावर पानाची पिचकारी. लेक म्हणाली, "आई, ह्याला लागलंय." मला पहिल्यांदा कळलंच नाही ती काय म्हणतेय. मग बघितलं तर खरंच, लाल ओघळ बरोब्बर पायावरनं खाली आलेला, जखम झाल्यासारखा. नान्नजचं अभयारण्य ज्या पक्ष्यासाठी केलं तो पक्षी आता तिथं दुर्बीण लावून बसलं तरी दिसेल याची खात्री नाही, आणि भिंतीवर उरलाय त्याची ही गत. आणि हो, भिंतीच्या कोपऱ्यात ज्यांनी पैसे दिले त्यांचं नाव हातभर मोठं, रंगवणाऱ्यांची नावं नाहीत. चष्मेवाला म्हणाला की रंगवणाऱ्यातली दोघं त्याच्या ओळखीची आहेत, त्यानं तोंडी नावं सांगितली. मग भाऊ, पंखात पंचेचाळीस मिनिटं घालवण्यापेक्षा त्या दोघांतल्या एकाला बोलवायचं होतं की फेरीत. हे मी त्याला तोंडावर सांगितलंय, त्यामुळं इथं लिहायला हरकत नाही.

नाश्ता पूर्व भागात. गरम इडली, वडा, पातळ चटणी, उभ्यानं खायचं. दुकानावरची पाटी अर्धी तेलुगूत. नाश्त्याला दहापैकी दहा, पुढं काही लिहीत नाही नाहीतर हा हॉटेलचा रिव्ह्यू होईल. फक्त एक, बायकांसाठी टॉयलेटची सोय फेरीत कुठंच धरलेली नाही, तीन-पावणेचार तास होतात, हे त्यांनी बघायला पाहिजे.

मग ज्याच्यासाठी चार स्टार दिले ते. अशोक चौकाच्या अलीकडं गल्लीत एक घर. बाहेरनं काही कळत नाही, सगळीकडं यंत्रमागाची खडखड चालू, बोलायचं तर ओरडून. आणि त्या घरात शिरलं की एकदम शांत, कारण तिथं हातमाग. मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून एक अण्णा बसलेले, साठीच्या पुढचे, बनियन आणि लुंगी, समोर उभे धागे ताणलेले आणि धाग्यांच्या मागं कागद, कागदावर मोठं करून काढलेलं चित्र. वॉल हँगिंग विणतात. तुम्ही कुणाच्या तरी हॉलमध्ये बघितलं असेल, शिवाजी महाराज, बुद्ध, मोर, गणपती. मी इतकी वर्षं समजत होते की ते छापलेलं असतं किंवा मशीनचं असतं. आमच्या लग्नात एक आलं होतं, ते कपाटावर सुटकेसखाली आहे, हे तिथं उभं असताना आठवलं आणि मी गप्प झाले.

अण्णा दाखवायला लागले. आपल्या चादरीला जेकार्ड असतं, भोकं पाडलेले पुठ्ठे माळेसारखे वर फिरत असतात, जिथं भोक तिथला धागा वर उचलला जातो, जिथं नाही तिथला खाली राहतो, एकदा पुठ्ठे पाडले की तेच डिझाइन हजार वेळा. आणि चादर दुहेरी विणीची, म्हणून उलटी केली तरी डिझाइन दिसतं, फक्त रंग अदलाबदल झालेले. हे मला माहीत नव्हतं! जन्म गेला चादर पांघरण्यात. घरी येऊन पहिल्यांदा चादर उलटी करून बघितली.

पण वॉल हँगिंगला तसले पुठ्ठे नाहीत. तिथं अण्णांचे डोळेच सगळं करतात. बारक्या बारक्या कांड्यांवर रंगीत सूत गुंडाळलेलं, नुसत्या तपकिरीच्या मी नऊ छटा मोजल्या. कागदावर बघायचं, तेवढ्याच धाग्यातनं बोटानं सूत घालायचं, रंग बदलायचा, पुढच्या चार धाग्यात दुसरं सूत, मग तिसरं, अशी एक ओळ पूर्ण झाली की फणी ओढून ठोकायची. ठक. एक ओळ म्हणजे सुताच्या जाडीएवढी उंची. मागावर तेव्हा एका आजोबांचा चेहरा होता, कुणीतरी घरातल्या गेलेल्या माणसाचा फोटो देऊन करून घेत होतं. हनुवटी, ओठ, नाक झालेलं, डोळे यायचे होते.

लेकीनं विचारलं, "नाकाला किती वेळ लागला?"

"दोन दिस," अण्णा म्हणाले. "डोळ्याला जास्त लागंल. डोळा चुकला तर माणूसच बदलतो की बाळा."

मी किंमत विचारली. ऐकून मनात म्हणलं बापरे, मग दिवस मोजले, आणि दिवसावारी काय पडलं त्याचा हिशोब केला, आणि पुढं काही बोलले नाही. अण्णांची दोन्ही पोरं ह्या कामात नाहीत. आतनं अण्णांच्या घरच्या अक्का पाणी घेऊन आल्या, त्या म्हणाल्या, "आता कोण बसतंय खड्ड्यात." तक्रारीचा सूर नव्हता, पाऊस नाही म्हणावं तसं सहज.

मग अण्णांनी लेकीला बोलावलं, शेजारी बसवलं आणि आजोबांच्या गालाकडच्या भागात तिला तीन ओळी घालू दिल्या. तिचा हात थरथरत होता. फणी तिनं दोन्ही हातांनी ओढली. अण्णा म्हणाले, "भारी जमलं, ये कामाला." ती अशी फुगली की विचारू नका, सरांना सांगणार, आजीला सांगणार. आणि तेवढ्यात चष्मेवाल्यानं घड्याळ बघितलं, चला चला उशीर झाला, कारण पंखांनी वेळ खाल्लेला. वीस मिनिटं. फक्त वीस मिनिटं मिळाली तिथं. चपला घालताना मी सहज मागं वळून बघितलं तर अण्णा लेकीच्या तीन ओळी हळूच उसवत होते, एकेक सूत परत कांडीला गुंडाळत. माझ्याकडं बघितलं आणि बोट ओठावर ठेवलं. लेकीला मी अजून सांगितलेलं नाही, हे वाचेल तेव्हा कळेल.

दारात मी अण्णांना विचारलं होतं की तुम्ही कोपऱ्यात तुमचं नाव विणता का. ते हसले. म्हणाले, "गिऱ्हाईकाचं नाव विणतो, कधी कधी. त्यानं सांगितलं तर."

बाकी व्यवस्थेचं पटकन सांगते. बुकिंग मेसेजवर, पैसे स्कॅन करून, आदल्या रात्री जागेचं लोकेशन येतं. वेळेवर सुरू केली हे विशेष, यादीवरच्या कार्यक्रमांसारखं नाही. संपायला सव्वादहा झाले, सांगितले होते साडेनऊ. वयस्कर लोकांना जमेल, चढउतार नाही, पण मधे बसायला जागा कमी. लहान पोरं आठ वर्षांच्या खालची असतील तर कंटाळतील. पाण्याची बाटली आणि टोपी न्या, डिसेंबर असला तरी सोलापूर आहे, नऊनंतर ऊन चावतं. उन्हाळ्यात फेरी बंद असते आणि असायलाच पाहिजे.

आणि शेवटी त्यांनी एक सांगितलं ते फुकटातलं आहे, म्हणून मुद्दाम लिहिते. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या जत्रेच्या वेळी, अक्षता सोहळ्याच्या म्हणजे सिद्धेश्वराच्या लग्नाच्या दिवशी काठ्या, म्हणजे नंदीध्वज, ज्या रस्त्यानं जातात त्या रस्त्यावर रांगोळीच्या पायघड्या घालतात. मी दरवर्षी काठ्या बघते, बाराबंदी घातलेली माणसं तो एवढा उंच नंदीध्वज कमरेवर तोलत येतात तेव्हा अंगावर काटा येतोच, पण मी बघते ते मिरवणूक दारात आल्यावर, तोपर्यंत रांगोळी पायाखाली गेलेली असते. रंगाचा नुसता धुरळा उरतो. ती रांगोळी बघायची असेल तर आधी यायला लागतं, माणसं खाली वाकून काढत असतात तेव्हा.

मी चष्मेवाल्याला म्हणलं, मग आमची दोघींची नावं लिही, आम्ही येतो. तो म्हणाला, "ताई, बघायला की काढायला? बघायला आलात तर सहाला या, काढायला आलात तर रात्रीच."

लेकीनं माझ्या आधीच सांगून टाकलं, रात्रीच. आता ह्यांना कसं सांगायचं ते बघतेय.